सुभेदारांच्या मागून

सुभेदार हंबीरराव पेन्शन घेऊन गावी आले, त्याच दिवशी त्यांनी पारावर जाहीर केले, "आता आमी बसणार." माणूस शब्दाचा पक्का. ते जे बसले ते बसलेच. पहिल्या महायुद्धात बसऱ्याची वाळू तुडवून आलेले पाय त्यांनी ओट्यावरच्या बाजेवर ठेवले. मग दुसरी लढाई सुरू झाली, संपली, इंग्रज निघून गेला, तरी त्यांनी ते खाली म्हणून टेकवले नाहीत. मी त्यांचा शेजारी. दोन घरांत एकच भिंत, त्यामुळे हा सगळा पराक्रम मला आयता बघायला मिळाला.

यामागे त्यांचे शास्त्र होते. "देवानं पायाला ठराविक चाल दिल्याली असती," ते सांगत. "आमची लय पलटणीत खपली. ऱ्हायल्याली जपून वापराय पायजे." बायको ठेवणीतले लुगडे जपते, तसे ते गुडघे जपत होते. पाण्याचा तांब्या हाताशी लागे, चिलीम हाताशी लागे. दुपारी सावली सरकली की त्यांची कारभारीण शालूबाई शेतातून येऊन बाज सावलीत ओढी. बहुतेक वेळा सुभेदारांसकट. तेवढ्यासाठी उठायचे म्हणजे उगाच पायांची नासाडी!

शालूबाईंच्या पायांना असा कोणी वाली नव्हता. पहाटे जात्यावर दळण, मग विहीर, मग शेण, मग शेतात खुरपे, येताना डोक्यावर वैरणीचा भारा. सुभेदार मोठ्या मनाने म्हणत, "हिला काय, सवय हाय." जशी काही बाई जन्माला येतानाच भारा घेऊन आली होती.

जपलेल्या गुडघ्यांना दरसाल बढती मिळत गेली. आधी त्यांनी पंगतीत मांडी घालायचे सोडले, ताट बाजेवर येऊ लागले. मग देवळाच्या पायऱ्या सोडल्या. खालूनच सलाम ठोकत आणि म्हणत, "देवाला ठावं हाय, फौजी माणूस हाय." मग बुटांच्या नाड्या शालूबाईंकडे गेल्या. लोणंदच्या डॉक्टरांनी "रोज थोडं हिंडत जा" असे सांगून पाहिले. सुभेदारांनी ताबडतोब डॉक्टर बदलला.

बाजाराला मात्र ते जात, कारण तिथे लोक रामराम करत. आता आमच्याकडची रीत अशी, की वाटेने नवरा पुढे आणि बायको मागे. बाईने नवऱ्याला मागे टाकले तर चारचौघांत त्याची पगडी उतरली असे समजायचे. पुढे सुभेदार, हातात छडी, दर बांधाला थांबणार. मागे शालूबाई, डोक्यावर कांद्याची पाटी, त्याही थांबणार. डोक्यावर ओझे घेऊन झपाझप चालणे सोपे असते. तेच ओझे घेऊन मुंगीच्या पावलाने चालून बघा एकदा, म्हणजे मान कशाला म्हणतात ते कळेल. ही वरात लोणंदला पोचेपर्यंत बाजार उठायला आलेला असे, आणि शालूबाईंचे कांदे पडेल त्या भावाने जात. सुभेदार म्हणत, "बायकांस्नी येवार जमत न्हाई." पुढे पुढे गुडघ्यांनी बाजारही सोडला.

अठ्ठेचाळीस सालच्या थंडीत गावातला बाळासो रजेवर आला. हा सुभेदारांच्या मुलाच्या, अर्जुनाच्याच पलटणीतला. त्याने निरोप आणला, की पलटण काश्मीरला निघाली आहे. परवा दुपारी बेळगावहून पुण्याकडे जाणारी त्यांची गाडी लोणंदला थोडी थांबेल. अर्जुनाला घरी यायला रजा नाही. "आबाला आन आयेला ठेसनावर बघायचंय, म्हनलाय."

एकुलता एक पोरगा. काश्मीरला काय चालले होते ते सगळ्या गावाला ठाऊक होते. शालूबाईंनी त्या रात्रीच बेसन भाजायला घेतले. गावातल्या नानासोने आपली बैलगाडी देऊ केली. कोणीही शहाणा माणूस हो म्हणाला असता. सुभेदार मात्र बाजेवर ताठ झाले. "माझा ल्योक लढाईवर निघालाय. त्याच्या म्होरं मी गाडीतनं उतरू? म्हाताऱ्यावानी? फौजी माणूस चालत जाणार."

मी म्हटले, "सुभेदार, दोन कोस आहेत. मधे खिंड आहे."

"बसऱ्याला खिंडी नव्हत्या व्हय?" ते म्हणाले. बसऱ्याला खिंड होती की नव्हती ते मला माहीत नाही. तेव्हाचे गुडघे मात्र वेगळे होते, आणि मधल्या काळात ते बाजेवर मुरत पडले होते. पण हे बोलायची सोय नव्हती.

मलाही लोणंदला काम होते, म्हणून मी बरोबर निघालो. सुभेदारांनी खाकी कोट चढवला होता, छातीवर बिल्ले, पायात बूट. बूट अर्थातच शालूबाईंनी बांधलेले. मागे त्या, डोक्यावर लाडू-भाकरीची पाटी. गावाच्या वेशीपर्यंत सुभेदारांची चाल बघण्यासारखी होती. वेस ओलांडली, बघणारे संपले, तशी ती चालही संपली. ओढ्याला पहिला मुक्काम झाला. मग बाभळीला. मग खिंडीचा चढ लागला आणि दर वळणावर ते छडी टेकून चौफेर नजर टाकू लागले. जणू सातारा जिल्हा कोणी हलवला तर नाही ना, याची तपासणी चालली होती. त्यांच्या मागे शालूबाई मुकाट उभ्या. दम त्यांना लागलेला नव्हता. ऊन किती चढले ते तेवढ्या बघत होत्या.

खिंडीच्या माथ्यावरून खालचे लोणंद दिसते. आम्ही माथ्यावर आलो आणि दूर रुळांवर धूर दिसला.

"आवं, गाडी आली!" शालूबाई म्हणाल्या.

उतार तर गुडघ्यांना चढाहून वाईट. चार पावले उतरून सुभेदारांनी एक दगड गाठला आणि बसले. उठायला गेले, उठता येईना. मी हात धरून ओढले, तरी ते दगडावरून सुटेनात. कपाळावर घाम. तरी तोंडात रुबाब होताच. "थांबंल गाडी. फौजेची गाडी हाय. आमाला काय शिकीवता?"

"मी म्होरं जाऊ का?" शालूबाईंनी विचारले. इतक्या वर्षांत हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकला.

"बाईमाणूस म्होरं? आन मी मागनं? ठेसनावर लोक काय म्हनतील?"

शालूबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा धुराकडे. मग लुगड्याचा ओचा वर खोचला, पाटीला एक हात लावला आणि नवऱ्याच्या बाजूने पुढे निघून गेल्या. पन्नाशी उलटलेली बाई डोक्यावर पाटी घेऊन तो उतार कशी उतरत गेली हे मी सांगून कोणाला पटणार नाही. मला तर मनापासून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. सुभेदारांकडे बघून वाजवल्या नाहीत.

"शाले!" त्यांनी हाक मारली. हुकूम द्यायचा आवाज होता. मग पुन्हा मारली, तेव्हा तो आवाज हुकमाचा राहिला नव्हता.

त्यांना खांद्याचा आधार देत मी कसेबसे खाली आणले. वाटेत मला पहिल्यांदाच त्यांच्यावर मनातसुद्धा टोमणा सुचला नाही. आम्ही स्टेशनच्या कुंपणाशी पोचलो तेव्हा गाडीचा शेवटचा डबा वळणाआड जात होता. सुभेदारांनी छडी वर केली. कोणाला दिसणार ती?

फलाटाच्या टोकाला शालूबाई उभ्या होत्या. पाटी रिकामी. सुभेदार माझा हात सोडून, कठड्याला धरत धरत त्यांच्यापर्यंत गेले. मला वाटले, आता आभाळ कोसळणार. चारचौघांत मागे टाकले होते ना! पण त्यांनी नुसते विचारले, "भेटला?"

"भेटला."

"बरा हाय?"

"बरा हाय. लाडू समद्यांस्नी वाटलं."

सुभेदार घुटमळले. कोटाचे बटण चाचपू लागले. "माझं काय इचारलं का?"

शालूबाईंनी पाटी खाली ठेवली. नवऱ्याला उलट बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि त्या उलट बोलल्याही नाहीत. जे झाले ते सांगितले. "इचारलं. आबाला बरं न्हाई का, म्हनला. म्या म्हनलं, खिंडीत हायती, येत्यात. मंग खिडकीतनं मान भाईर काढून बसला. म्या हात धरला हुता त्येचा, तरी माझ्याकडं बघंना. गाडी सुटली तवाबी माझ्या डोईवरनं त्या वाटंकडंच बघत हुता."

एवढे बोलून त्या रडल्या. सुभेदारांना तिथेच फलाटावर खाली बसायचे होते, पण खाली बसणे त्यांच्या गुडघ्यांना केव्हाच जमेनासे झाले होते. ते तसेच कठड्याला धरून उभे राहिले.