गच्ची म्हणजे अंगण नव्हे

आमच्या इमारतीच्या गच्चीच्या दारावर एक पाटी आहे : 'गच्ची म्हणजे अंगण नव्हे. आदेशावरून.' आदेश कुणाचा, ते लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. येणारे पाहुणे तिचा फोटो काढतात, 'अगदी पुणेरी हं' म्हणून हसतात, ग्रुपवर टाकतात. मला हसू येत नाही. ती पाटी माझ्या आईसाठी लावलेली आहे आणि ती दिसली की आजही माझं डोकं फिरतं.

ऑफिसातली धाकटी मंडळी फ्लॅट बघत फिरत असतात. ती मला विचारतात, 'मॅम, सोसायटीत राहायचे प्रोज अँड कॉन्स काय?' मी खोटं सांगत नाही. धायरीत उन्हाळ्यात पाण्याची बोंब असते, पण आमच्या नळाला पाणी येतं. टँकर आला की आमचे चेअरमन स्वतः खाली उभे राहून तो पूर्ण रिकामा झालेला बघतात. लिफ्ट बंद पडली तर दुपारच्या आत चालू होते. जिन्यात कुणी चपला पसरून ठेवत नाही. शेजारच्या इमारतीत कचऱ्यावरून हाणामारी झाली, आमच्याकडे ओला-सुका वेगळा करण्यावरून फक्त टोमणे असतात. हे सगळं त्या एका माणसामुळे. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले इंजिनियर, सगळं आयुष्य पेठेत काढलं आणि मग मुलाच्या आग्रहाने इकडे आले. भाजीला मात्र अजून मंडईतच जातात. धायरीच्या भाजीवर त्यांचा विश्वास नाही. तसा त्यांचा कुणावरच नाही.

हे सगळं सांगून झालं की मी आईचं सांगते.

बाबा गेले आणि मी आईला यवतमाळकडून इथे घेऊन आले. तिथे आमचं दोन खोल्यांचं घर, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. ती एकटी राहणार, रक्तदाब वर-खाली होणार, आणि मी इथे फोन कानाला लावून बसणार, हे मला नको होतं. ती आली. आम्ही दोघं नवरा-बायको सकाळी नोकरीला गेलो की ती दार लावून आत बसायची. संध्याकाळी येऊन बघावं तर जिथे सोडलं तिथेच. टीव्ही बंद, दिवा बंद. 'दिवसभर काय केलंस?' विचारलं की म्हणायची, 'बसली होती.' तिच्या तोंडचं बोलणंच संपत चाललं होतं आणि मला काही सुचत नव्हतं.

मग होळी झाली आणि एका संध्याकाळी तिने विचारलं, 'वरतं गच्ची हाय न तुमची? ऊन कसं येते तिथं?' मी म्हणाले, भरपूर. ती उठलीच. चप्पल घालून माझ्याबरोबर वर आली, चारी बाजूंनी फिरली, फरशीला हात लावून बघितला. खाली येताना म्हणाली, 'गहू आणून दे मले. कुरडया करतो.'

नवऱ्याने मार्केट यार्डातून गहू आणला. ज्यांनी घरी कुरडया केलेल्या नाहीत त्यांना त्यातलं तंत्र माहीत नसतं. गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, आंबले की वाटून चीक काढायचा, तो खाली बसू द्यायचा. मग पहाटे उठून तो शिजवायचा आणि गरम आहे तोवर सोऱ्यातून पाडायचा. एकदा गहू भिजले की कामाचा दिवस तुम्ही ठरवत नाही, गहू ठरवतात. आईने घरभर पातेली मांडली. आंबूस वासाने फ्लॅट भरून गेला आणि मला इतका आनंद झाला की मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले.

कुरडया पाडल्या त्या सकाळी गच्चीवर आईबरोबर समोरच्या फ्लॅटमधली आयटीवाली मुलगी होती. 'काकू, मला पण ट्राय करू द्या ना, सो सॅटिस्फाइंग!' म्हणत ती सोऱ्या फिरवत होती. तिच्या कुरडया वाकड्या-तिकड्या पडत होत्या आणि आई पदर तोंडाला लावून हसत होती. बाबा गेल्यानंतर मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं. त्यानंतरच्या दुपारी ती मुलगी वर्क फ्रॉम होम सोडून आमच्याकडे येऊन बसायला लागली. आई तिला भाकरी थापायला शिकवत होती आणि तिची प्रेमप्रकरणं ऐकत होती. म्हातारी माझ्या घरात रुजत होती. मला एवढंच हवं होतं.

पुढच्या आठवड्यात गच्चीला कुलूप लागलं आणि पाटी आली.

मी चेअरमनकडे गेले. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. 'आपल्या मातोश्रींबद्दल आम्हाला आदरच आहे,' ते म्हणाले. 'पण कबुतरं येतात अशी तक्रार आहे.'

'कुणाची?'

'तक्रारदाराचं नाव सांगण्याची पद्धत नाही.'

'अहो, कबुतरं आधीही यायची की.'

'आधी ती निमंत्रणाशिवाय यायची,' ते म्हणाले. मग सोलर पॅनल, वॉटरप्रूफिंग, सामायिक जागेचा खाजगी वापर असं एकेक निघालं. प्रत्येक मुद्दा बरोबर होता. बरोबर बोलणाऱ्या माणसाशी भांडताना जी हतबलता येते, ती मला आली. मी आवाज चढवला. ते चढवत नाहीत कधी. शेवटी कमिटीची मीटिंग झाली आणि तोडगा निघाला : वाळवण फक्त रविवारी, तेही आधी कळवून, आणि किल्ली चेअरमनकडून घ्यायची, चेअरमनलाच परत द्यायची. हा न्याय झाला असं सगळ्यांना वाटलं. टाळ्याच वाजवायच्या राहिल्या.

आईला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, 'काहून वो, इथं लोकं उन्हालेबी कुलूप लावते?'

तरी तिने जमवलं. रविवार धरून उलटं मोजलं आणि त्या बेताने गहू भिजवले. मी चेअरमनना कळवलं. ते 'ठीक' म्हणाले. रविवारी पहाटे आईने चीक शिजवला. मी किल्ली आणायला गेले तर त्यांच्या दाराला कुलूप. फोन लावला. मागे सनईचा आवाज. ते लग्नाला निघाले होते, पार कोथरूडला पोहोचलेसुद्धा. किल्ली खिशात.

'अहो, आज रविवार आहे, मी सांगितलं होतं तुम्हाला.'

'सांगितलं होतंत. वेळ सांगितली नव्हती. आम्ही दुपारी येतो.'

'दुसऱ्या कुणाकडे डुप्लिकेट किल्ली?'

'दुसऱ्या कुणाकडे असेल तर कुलपाचा उपयोग काय?'

मी वर धावले. आई पातेलं उचलून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, बंद दारापाशी उभी होती. चिकातून वाफा निघत होत्या. मी म्हणाले, घरातल्या बाल्कनीत घालू. आमची बाल्कनी उत्तरेची, तिथे ऊन येत नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी ती माझ्यासाठी आली. थोड्या पाडल्या. तोवर चीक गार होऊन घट्ट झाला आणि सोऱ्यातून उतरेना. तिने दोन्ही हातांनी जोर लावला, मग सोऱ्या खाली ठेवला. उरलेलं सगळं ओल्या कचऱ्यात गेलं. ओल्यातच, सुक्यात नाही. आमची सोसायटी त्याबाबतीत कडक आहे.

दुपारी चेअरमन स्वतः किल्ली घेऊन दारात आले. बुंदीचे लाडूही आणले होते लग्नातले. मी लाडू घेतले नाहीत. दार त्यांच्या तोंडावर लावलं आणि मला बरं वाटलं.

त्यानंतर आई परत तशीच झाली. दार लावून आत. समोरची मुलगी बंगळुरूला बदलून गेली. आई म्हणायची, 'मी बरी हावो, तू जाय ड्युटीवर.' आणि मी जायची.

मग एक दिवस चेअरमनचा फोन आला. तेव्हा मी मीटिंगमध्ये होते, उचलला नाही. त्यांनी परत केला, परत केला. आई दवाखान्यात होती.

झालं होतं असं : आमच्या बाल्कनीतून खाली एका गाडीवर पाणी पडत होतं. चेअरमनना ते दिसलं. बाल्कनीतून पाणी सांडणं हा आमच्याकडे गुन्हा आहे, त्यामुळे ते तडक रागवायला वर आले. बेल वाजवली, दार उघडेना. पाणी वाहतंच आहे. दुसरा कुणी असता तर वॉचमनला सांगून गेला असता. ते गेले नाहीत. सुतार बोलावून त्यांनी लॅच तोडायला लावलं. आई बाल्कनीत कपडे धुताना चक्कर येऊन पडलेली होती आणि नळ चालू होता. ते स्वतःच्या गाडीतून तिला घेऊन गेले. मी पोहोचले तेव्हा ते बाकावर बसले होते, आईची चप्पल मांडीवर ठेवून. आई शुद्धीवर होती. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

मी त्यांच्या पाया पडले. मनापासून पडले, खोटं कशाला सांगू. त्यांच्या त्या कडकपणामुळे माझी आई वाचली होती. ते अवघडून उठले, चप्पल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, 'बघा. गच्चीवर जाऊ दिलं असतं तर तिथेच पडल्या असत्या.'

माणूस इतका चांगला वागू शकतो आणि त्याच दमात स्वतःचा मुद्दा खरा करून घेऊ शकतो. त्यांचे उपकार माझ्या डोक्यावर आहेत आणि तरी त्या वाक्याचा राग माझ्या पोटात आहे. दोन्ही एकमेकांना हलू देत नाहीत.

आई बरी झाली आणि बॅग भरायला लागली. मी रडले, रागावले, 'तिथे एकटी पडलीस तर कोण बघणार?' म्हणाले. ती ऐकून घेत होती आणि साड्यांच्या घड्या घालत होती. 'येतो न मी परत,' एवढंच म्हणाली. मी तिला गाडीत बसवून आले.

मग मात्र मी हट्टाला पेटले. त्यांचंच हत्यार मी उचललं. प्रत्येक मीटिंगला गेले. नियमावली वाचली. माझी मागणी अशी : सोलर पॅनलपासून लांबचा कोपरा आखून घ्यायचा, कबुतरांसाठी जाळी बांधायची, उन्हाळाभर रोज वाळवणाला मुभा द्यायची, ज्याची पाळी त्याच्याकडे आठवडाभर किल्ली. लोक कंटाळेपर्यंत मी बोलत राहिले. शेवटी ठराव पास झाला आणि चेअरमननीच अनुमोदन दिलं. हरल्यावरही शिस्तीत हरले, हे मान्य करायला हवं. या वर्षी होळी झाल्यावर ते माझ्याकडे आले आणि पहिल्या पाळीची किल्ली माझ्या हातात ठेवली. 'आता बोलवा आईंना,' म्हणाले. खूश होते. मीही होते.

मी लगेच फोन लावला. 'आई, गच्ची मिळाली. पूर्ण आठवडा. किल्ली माझ्याकडेच आहे. तुझं तिकीट काढते.'

ती हसली. म्हणाली, 'इथं वाळत घातल्या न मी कुरडया. झाल्या.'

'कधी?'

'मागच्या हप्त्यात. घालता घालता गरगरलं, पडली अंगणात.'

'मला सांगितलं का नाहीस? म्हणूनच म्हणते इकडे ये. तिथे कोण आहे तुला बघायला?'

'शेजारणीनं पाह्यलं न कुंपणावरून. धावत आली, उठवलं, चहा देल्ला. उरलेल्या कुरडया तिनंच घातल्या.' मग म्हणाली, 'बाई, इथं मी पडली तं मी दिसतो लोकाले. तिथं पाणी गळालं, तवा मी दिसली.'

रागाने म्हणाली नाही. तिला राग येत नाही, तो सगळा माझ्याकडे आला आहे. मी फोन ठेवला, किल्ली घेतली आणि चेअरमनच्या दारात गेले. ते पेपर वाचत होते. मी किल्ली त्यांच्यापुढे ठेवली.

'का हो? काय झालं?'

'आई येत नाहीये.'

'अरेरे,' ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. चष्मा काढून त्यांनी पुसला, परत घातला. 'मग त्यांची पाळी दुसऱ्या कुणाला देऊ ना?'

'द्या,' मी म्हणाले.