पाच पाखरांचा सिनेमा आणि रामनगरचं घर

मुलीला घर सोडण्याचं दुःख झालं आहे, हे आम्ही नवरा-बायकोने एकमताने ठरवलं. तिला विचारायचं तेवढं राहून गेलं.

झालं असं, की काशीतल्या दूधविनायकच्या गल्लीतल्या दोन खोल्या सोडून आम्ही रामनगरला, म्हणजे गंगेच्या पलीकडे, घर घेतलं. त्याला खिडक्या होत्या! (आमच्या जुन्या स्वयंपाकघरात उजेड पाहुण्यासारखा यायचा आणि चहा होण्याआधी जायचा.) रविवारी सामानाला टेम्पो येणार होता. आणि मंगळवारी आमच्या नऊ वर्षांच्या मनूने जाहीर केलं, "मी रामनगरला येणार नाही."

"का गं?"

"नाही मतलब नाही!"

एवढं बोलून तिने तोंडाला कुलूप घातलं. टेम्पोत कपाट चढवता येतं, हटून बसलेली पोर नाही. आता, मी शाळेत संस्कृत शिकवतो आणि मुलांचं मन मला कळतं असा माझा समज आहे. (मुलांचा नाही.) मैत्रिणी सुटतील म्हणून ती आतल्या आत कुढते आहे, असं निदान मी करून टाकलं. माझी बायको नंदा हिने लगेच औषध शोधून काढलं. शहरात मुलांचा एक कार्टून सिनेमा लागला होता. गाव सोडावं लागलेल्या एका मुलाच्या पोटात आनंद, राग, भीती वगैरे पाच पाखरं राहतात आणि त्यांची आपसात जुंपते, अशी गोष्ट.

"बघून ती रडेल, मोकळी होईल, मग आपण जवळ घेऊ," नंदा म्हणाली. "तुम्ही फक्त मध्ये बोलू नका."

शनिवारी निघालो. अण्णांनाही घेतलं. अण्णा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर, आणि अजून रोज सकाळी रामघाटावरच्या पाठशाळेत मुलांना वेद शिकवतात. "या खुर्चीवर कोण कोण बसून गेलं असेल, रामा!" म्हणत त्यांनी सिनेमागृहात पिशवीतून दर्भासन काढलं, खुर्चीवर अंथरलं आणि मगच टेकले.

दहाव्या मिनिटाला पडद्यावरच्या मुलाने आपल्या खोलीच्या भिंतीला हात लावून निरोप घेतला आणि हुंदका फुटला. मला! आमच्या घरी भिंतीवर तेलाचा एक डाग आहे. त्याला डोकं टेकून मी लहानाचा मोठा झालो. तो डाग डोळ्यांपुढे आला आणि मला उमगलं, की घर सोडायचं नाही ते मला. अगदी जिवावर आलं होतं माझ्या! मग मी जो काही रडलो, की मागच्या रांगेतून एका गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"भाई साहब, थोड़ा धीरे रोइए. बच्चों को सुनाई नहीं दे रहा है."

मनूने आपला रुमाल दिला. तो भिजल्यावर अण्णांनी उपरणं दिलं.

"आई, बाबांना काय झालं?"

"काही नाही. तू सिनेमा बघ आणि रड."

मनू पॉपकॉर्न खात होती. शेवटपर्यंत तिच्या डोळ्यांत टिपूस नाही.

बाहेर आल्यावर चाटच्या दुकानात बसलो. हातात टमाटर चाटचे पानांचे दोने आले आणि मध्ये बोलायचं नाही हे मी साफ विसरलो.

"आता प्रत्येकाने आपापल्या पोटातलं पाखरू बाहेर काढायचं! नंदा, तुझ्यापासून सुरुवात."

"माझं रागाचं आहे," नंदा ताडकन म्हणाली. "चौदा वर्षं मी भरदिवसा दिवा लावून पोळ्या लाटल्या, आणि तुम्ही कशासाठी रडता, तर डागासाठी?"

चाटवाल्याचा चमचा हवेतच थांबला.

"अण्णा, तुमचं?" मी घाईघाईने विषय बदलला.

अण्णांनी दोना खाली ठेवला. "भीतीचं," ते हळूच म्हणाले.

"कसली भीती?"

"मला माहीत आहे!" मनू एकदम ओरडली. "काशीत मेलं की मोक्ष मिळतो, आणि रामनगरला मेलं की पुढच्या जन्मी माणूस गाढव होतो! मी अण्णांना गाढव नाही होऊ देणार!" आणि सिनेमागृहात जे रडायचं होतं ते सगळं ती तिथे, भर रस्त्यावर रडली.

"हे तुला कोणी सांगितलं?" नंदाने विचारलं.

"बाबांनी! हमेशा तर सांगतात."

खरं होतं. रामनगरचा कुणी पाहुणा येऊन गेला, की त्याची पाठ वळताच हा विनोद मी सांगायचो. नवं घर बघून आलो त्या दिवशी तर दोनदा सांगितला! नंदाने माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्याने तिच्या वाटची चाटही खाऊन टाकली.

अण्णांनी मनूला जवळ ओढलं. "हे बघ, सकाळी मी पाठशाळेत येणारच. आणि अंगात कणकण वाटली, तर तू मला रिक्षात घालायचं आणि पूल ओलांडून इकडे आणायचं. मग तर झालं?"

"पक्का?"

"पक्का."

"शिंक आली तरी आणीन!"

"आण बाई."

"मग येते मी," मनू नाक पुसत म्हणाली.

रविवारी टेम्पो आला, पण तो गल्लीत शिरेना. सामान हाताने रस्त्यापर्यंत न्यायचं ठरलं. पश्चात्तापाच्या भरात मी पाठीवर गाद्यांची वळकटी घेतली, दोन्ही बाजूंना भांड्यांची पोती लटकवली आणि कमरेत वाकून निघालो. "उजवीकडे! थांबू नका, चला!" नंदा मागून हाकत होती. अण्णांचं बोट धरून पुढे चाललेल्या मनूने वळून पाहिलं आणि जागीच थांबली.

"अण्णा, बघा न! पूल ओलांडला नाही, मेले नाहीत, तरी बाबा झालेसुद्धा!"