मी टाकलेले चोवीस चेंडू

मी चोवीस चेंडू टाकले होते. कागदावर एकोणीस लिहिले गेले. या पाच चेंडूंवरून मी आजवर बऱ्याच जणांशी भांडले आणि बहुतेकांनी मला एकच विचारलं, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस? आता संघटनेची पत्रकं लिहायची सवय लागलीच आहे, तर हेही लिहून टाकते.

मी बारा वर्षांची होते. आम्ही कतारमध्ये दुखानला राहायचो, तेलकंपनीच्या वसाहतीत. बाबा तिथे सेफ्टी इंजिनिअर. वसाहतीतल्या अमेरिकन आणि कॅनेडियन कुटुंबांनी पोरांची बेसबॉलची टीम काढली होती. तिच्यात मी एकटी मुलगी आणि एकटीच मराठी. आमचा कोच म्हणजे ऑफिसात बाबाचा साहेब. पुढे सगळं अडलं ते इथेच.

त्या हिवाळ्यात दोह्याला तीन दिवसांची स्पर्धा होती. कुवेत, बहारीन, दुबईच्या टीम आल्या होत्या. मैदान मुऐदरच्या पलीकडे, एका शाळेचं. मी आणि बाबा त्याच्या मित्राकडे, अल मुंतझातल्या फ्लॅटवर उतरलो होतो. फुटबॉलच्या वर्ल्ड कपला अजून काही वर्षं होती, पण अख्खं शहर खणून ठेवलेलं. काल ज्या रस्त्यानं आलो तो आज बंद. पाऊण तासाच्या वाटेला दीड तास धरायचा.

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा तो पिचर. तो उभ्या जागेवरून पूर्ण जोर लावून, कोपर वाकवून फेकतो. वाढत्या वयात असं फार फेकलं की कोपर कामातून जातं. म्हणून स्पर्धेचा नियम होता: दिवसाला वीसपर्यंत चेंडू टाकलेत तर दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकता येईल. एकविसावा टाकलात की दुसरा दिवस विश्रांती. मोजायचं काम टीमच्याच एका पालकाचं. आमच्याकडून बाबा बसला.

आमचा मुख्य पिचर, एक उंच मुलगा, गुरुवारीच पुरता वापरून झाला होता. शुक्रवारी सकाळी सेमीफायनल. कोचनं मला बाजूला घेतलं. "शेवटची इनिंग तुझी. वीसच्या आत संपव. मग उद्याची फायनल पहिल्या चेंडूपासून तुझी." मला ती फायनल हवी होती. इतकी, की तेव्हापासूनच मी मनात वीस मोजायला लागले.

शेवटच्या इनिंगला आम्ही दोन धावांनी पुढे होतो. समोरचे तीन बॅटर आउट केले की इनिंग संपते. मी आत गेले तसा समोरच्या बाकावरून एक बाप ओरडला, "रिलॅक्स बॉइज, मुलगी आहे." हे डोक्यात गेलं आणि पहिले चार चेंडू रानोमाळ गेले. चार चुकीचे चेंडू पडले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या थांब्यावर जातो. तो गेला, माझ्याकडे बघून हसत गेला.

मग मी थांबले. माझ्याकडे वेग नव्हता, हे मला ठाऊक होतं. माझ्याकडे एकच गोष्ट होती: हात अगदी जोरात फिरवायचा आणि चेंडू मात्र तळव्यात खोल धरून सोडायचा. बॅटरला दिसतो वेगवान हात, चेंडू येतो रेंगाळत. कोचनं शिकवलं होतं, आधी एक सरळ, बाहेरच्या कडेला, जमेल तितका जोरात, आणि त्याच्या पाठोपाठ हा. दुसरा बॅटर चेंडू येण्याआधीच बॅट फिरवून मोकळा झाला. दोनदा. तिसऱ्या वेळी त्यानं नुसतं बघितलं आणि चेंडू मधोमध गेला. असे तीन चुकवले की बॅटर बाद. आउट. त्याच्यानंतरच्यानं बराच वेळ घेतला, चेंडू नुसते कडेला ढकलत राहिला, शेवटी हवेत उडवला आणि झेल देऊन बसला. शेवटच्याला टाकताना माझा एक चेंडू निसटून बॅटरमागे बसलेल्या कॅचरच्या डोक्यावरून जाळीवर गेला, पण तोही आउट झाला. तो फुकटात गेलेला, हसलेला पोरगा बेसवरच राहिला.

मी मनात मोजत होते. चोवीस. म्हणजे सामना जिंकला आणि फायनल गेली. डोळ्यांत पाणी आलं ते जिंकल्याचं, असं सगळ्यांना वाटलं.

आणि बाबानं कागद वर धरला. "नाइन्टीन!" कोचनं त्याच्या पाठीवर थाप मारली. समोरच्या टीमचा मोजणारा पालक हरल्याच्या घाईत आइसबॉक्स गाडीत भरत होता, त्यानं न बघता सही केली.

परतीच्या वाटेवर एका वळणावर आम्ही अडकलो. एरवी मी बाबाला इंग्रजीत उत्तरं द्यायचे. तेव्हा मराठीत बोलले, कारण मला भांडायचं होतं.

"बाबा, चोवीस होते."

"एकोणीस. मी खड्यांवर मोजलेत."

मग कळलं. स्पर्धेवाल्यांनी दिलेलं मोजायचं यंत्र त्यानं बाजूला ठेवलं होतं. दुखानला शुक्रवारच्या क्रिकेटला तो अंपायर असायचा. तिथल्यासारखेच सहा खडे त्यानं या खिशातून त्या खिशात केले होते.

"ते पहिले चार धरलेस का? आणि तो जाळीवर गेलेला?"

"अगं, वाईड होते ते."

"मग?"

"मग काय? वाईड ओव्हरमध्ये धरतात का कधी?"

मला हसूही आलं आणि रागही आला. "बाबा, हात तर फिरला ना माझा पाच वेळा. हाताला काय माहीत वाईड काय असतं ते?"

त्यानं गाडी वीतभर पुढे घेतली. शेजारच्या लेनमध्ये साइटवर जाणारी कामगारांची बस उभी होती, शुक्रवार असूनही. माणसं काचेला डोकं टेकून झोपलेली. बाबानंच एकदा सांगितलं होतं, यांची शिफ्ट साइटवर उतरल्यावर सुरू होते, बसमधले जायचे-यायचे तास कोणी धरत नाही. तेव्हा तो चिडून सांगत होता. मी त्याला त्याची आठवण करून दिली. "ते वेगळं आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, कसं वेगळं ते सांग. त्यानं रेडिओ लावला.

मला फायनल नको होती असं कोणी समजू नये. त्या दिवशी दुपारभर मी स्वतःला पटवत होते की हात दुखत नाहीये. खरंच दुखत नव्हता. पण नियम काही दुखल्यावर लागू होत नाही. माझ्या बापानं आयुष्यभर हेच शिकवलं होतं, हेल्मेट डोक्यावर काही पडण्याआधी घालायचं असतं.

शनिवारी सकाळी मैदानावर गेल्यागेल्या मी कोचला सांगितलं. त्यानं टीमची यादी लिहिता लिहिता ऐकलं. "कागदावर एकोणीस आहे. दोन्हीकडच्या सह्या आहेत. खलास."

"कागद चुकलाय."

"तुझ्या डॅडनं मोजलंय. त्याला खोटं पाडतेस?"

बाबा तिथेच उभा होता. बुटांकडे बघत. एवढा शिकलेला माणूस, साइटवर कोणी पट्टा लावला नाही तर काम थांबवणारा, आणि बुटांकडे बघत. मला त्याची लाज वाटली, आणि त्याची लाज वाटली म्हणून आणखी राग आला.

मी तिथून निघाले आणि मंडपातल्या टेबलाकडे गेले. स्पर्धेचे कागद सांभाळणारी एक बाई बसली होती. तिला सांगितलं, काल मी चोवीस टाकले. तिनं माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं आणि बाबाला बोलावलं. कोच त्याच्या मागोमाग आला.

"सर, तुमचा आकडा काय?" तिनं विचारलं.

बाबानं साहेबाकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, "ट्वेंटी-फोर. माझी चूक. मी वाईड सोडून मोजले." त्या बाईला कळेना, वाईड म्हणजे काय. बाबा तिला समजावत बसला आणि कोच पाय आपटत निघून गेला.

फायनल आम्ही सडकून हरलो. माझ्या जागी ज्याला घातलं त्यानं कधी मोठ्या सामन्यात चेंडू टाकलाच नव्हता, समोरचे एकामागून एक फुकटात चालत बेसवर गेले. मी मैदानाच्या पार टोकाला उभी राहून सगळं बघितलं. मी टाकले असते तर जिंकलो असतो. हे मी तेव्हाही म्हणाले, आजही म्हणते. कॅचर माझ्याशी बोलेना. शेवटी म्हणाला, "तोंड बंद ठेवलं असतंस तर?" मी म्हटलं, "मग पाच कमी टाकून दाखवायचे होते मी. ते जमलं नाही. तोंड कशाला बंद ठेवू?"

पार्किंगमध्ये कोचनं सांगून टाकलं, पुढच्या सीझनला मी आउटफिल्डला, म्हणजे लांब टोकाला, पिचिंग नाही. बाबाला ऐकू जाईल असं सांगितलं. दर गुरुवारी कोचच्या घरी बार्बेक्यू असायचं, त्याचं बोलावणंही आम्हाला नंतर आलं नाही. ऑफिसात काय झालं ते बाबानं कधी सांगितलं नाही. आईनं एकदा विचारलं, तर म्हणाला, "पोरगी बरोबर होती," आणि उठून गेला. हे तो मला कधी म्हणाला नाही, ते जाऊ दे.

पुढचा अख्खा सीझन मी आउटफिल्डला काढला. कोपर उत्तम. एका सामन्यात त्या उंच मुलाला कोच थांबवेचना. मी लांबून मोठ्यानं आकडा सांगायला लागले, प्रत्येक चेंडूनंतर. आमच्याच टीमचे बाप वळून वळून बघायला लागले. कोच बाकावरून उठून ओरडला, "तुला कोणी विचारलंय का?"

"नाही," मी म्हटलं, आणि पुढचा आकडा सांगितला.