शेळीची चौकशी करणारी चार पत्रं

पुंडलिक आबा चालताना आवाज करत नाहीत, ही मुकुंदवाडीतल्या त्यांच्या गल्लीची जुनी तक्रार आहे. माणूस कधी पाठीमागं येऊन उभा राहतो ते कळत नाही आणि नळावरच्या बाईच्या हातून कळशी सुटते. वय ब्याऐंशी, गुडघे कुरकुरतात, पण पाऊल मांजराचं. चितेगावच्या एका कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं वॉचमनकी केली, तेव्हा किल्ल्यांच्या जुडग्याला चिंध्या गुंडाळलेल्या असत. किल्ल्या वाजल्या की चोर सावध होतो, असं ते सांगत. कामगार म्हणत, चोर राहिला बाजूला, हा बाबा आम्हालाच डुलकी घेताना धरतो.

त्यांची लेक रत्नमाला गारखेड्याला राहते आणि अंगणवाडी चालवते. बापाच्या सगळ्या खोडी तिला पाठ होत्या. एकच गोष्ट तिला ठाऊक नव्हती आणि तिचं शल्य ती जन्मभर वागवत आली होती. पासष्टच्या लढाईत आपला बाप पळाला होता, की नव्हता?

शंकेला कारण होतं. पैठणकडच्या त्यांच्या गावातला सांडू हा आबांच्याच पलटणीत शिपाई होता. मांडीला गोळी लागून तो घरी आला आणि पारावर बसून जे होतं तेच बोलला, की पुंडलिक आमच्यात नव्हता, श्रावणापासून त्याचं तोंड कुणी पाहिलेलं नाही. पुढचं गावानं जोडलं. गावाला अर्धी गोष्ट मिळाली की उरलेली अर्धी ते पदरची घालतं. पळालेल्या माणसाला फौज पुन्हा कामावर कशी घेईल, हा साधा प्रश्न कुणाला पडला नाही, आणि ज्याला पडला त्याला उत्तर तयार होतं: साहेबाचे पाय धरले असतील. रत्नमाला तेव्हा जन्मलीही नव्हती. तरी तिच्या लग्नात मांडवाच्या कडेला कुणीतरी ‘पळपुट्याची लेक’ म्हणालंच, आणि ते नेमकं तिच्या कानावर पडलं.

आबा यावर कधी हो म्हणाले नाहीत, की नाही म्हणाले नाहीत. लढाईचा विषय निघाला की ते डावा कान पुढं करत. तो कान कारखान्याच्या प्रेस मशीननं गेला, अशी घरात समजूत होती. बहिऱ्या कानाशी वाद कोण घालणार?

यंदा वस्तीतल्या विहाराचं काम बघणाऱ्या धम्मपालनं मनावर घेतलं, की जुन्या फौजींचा सत्कार करायचा. त्यानं रत्नमालाला फोन करून आबांची माहिती मागितली. कोणती पलटण, कोणती लढाई, कुठं होते, चार ओळी पुरे, म्हणाला. रत्नमालाला मांडवातलं बोलणं आठवलं. विहार भरलेला असणार, गावाकडची माणसं येणार, आणि कुणी तोंड उघडलं तर म्हाताऱ्यानं ह्या वयात मान खाली घालायची? तिनं ठरवलं, खरं काय ते आता कळलंच पाहिजे, मग ते कसंही निघो.

रविवारी दुपारी ती मुकुंदवाडीला आली. आबा अंगणात लिंबाखाली बसले होते. तिनं पत्र्याची पेटी उघडून फौजेचं पुस्तक काढलं. पासष्टच्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत त्यात काहीच नव्हतं, ना पलटणीत असल्याचं, ना रजेचं. पुस्तकाखाली एका पिशवीत जुनी पत्रं होती.

चार पत्रं आबांनी आपल्या आईला, चंपाबाईला लिहिली होती. पहिल्यावर पंधरा ऑगस्ट, मग पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं बाकीची. ‘मी पलटणीत खुशाल आहे. जेवण बरं आहे. शेळी व्याली का?’ दुसऱ्यातही पलटण, जेवण आणि शेळी. तिसऱ्यात तेच, चौथ्यातही तेच. पाचवं पत्र उलट दिशेचं होतं. चंपाबाईनं ते ऑगस्टच्या अखेरीस कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं: शेळी व्याली, दोन करडं झाली, दोन्ही चांगली आहेत. आणि तरीही लेक पार सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत विचारतोय, शेळी व्याली का!

रत्नमालाला आधी हसू आलं, मग ती थबकली. अंगणवाडीच्या वह्या भरण्यात तिची तीस वर्षं गेली होती. तपासणी येणार म्हटलं, की पुढचा मजकूर आधीच लिहून तारखेची जागा मोकळी ठेवायची, हा उद्योग तिच्या हातचा होता. असं लिहिणं ती लांबून ओळखत असे. तिनं पत्रं ओळीनं मांडली. पहिल्यातली शाई गडद, दुसऱ्यात फिकी, चौथ्यात पेन जवळजवळ संपलेलं. अक्षर आबांचं होतं. तारखा मात्र चारही ठिकाणी दुसऱ्याच कुणाच्या हातच्या होत्या.

ती पत्रं घेऊन बाहेर आली आणि मुद्दाम उजव्या कानाशी बसली.

“आबा, ही चारी पत्रं एकाच दिशी लिवली ना तुम्ही?”

आबांनी पत्रांकडं पाहिलं. इतक्या वर्षांनी चोर नाही, वॉचमनच सापडला होता. “पलटनीच्या कारकुनाला म्हनलं व्हतं, पंधरा दिसाला एक टाक,” ते म्हणाले. “शेळीचं ध्यानातच नाय आलं.”

मग तिनं एकेक विचारत नेलं आणि ते सांगत गेले. एका मेजरनं निरनिराळ्या पलटणींतून स्वखुशीनं येणारी माणसं मागितली होती. पलीकडच्या मुलखात शिरायचं, पूल उडवायचे आणि परत यायचं. कुठं जायचं ते आधी कुणाला ठाऊक नसे. आबांनी हात वर केला, कारण बाजूच्यानं केला होता. पट्ट्याचं बक्कल चिंध्यांनी बांधायचं, खिशात चणे-गूळ, दिवसा झुडपात पडून राहायचं. त्या तुकडीला मेघदूत म्हणत. लढाई संपल्यावर तिच्यातूनच कमांडोंची पलटण उभी राहिली. तोवर एका स्फोटात आबांचा डावा कान गेला होता, म्हणून त्यांना जुन्या पलटणीच्या गोदामावर परत धाडलं. पुस्तकात नोंद करायची त्या कारकुनाकडून राहून गेली. पत्रं मात्र त्यानं इमानानं टाकली.

रत्नमालाला बापाचा अभिमान वाटला आणि त्याच दमात संतापही आला. साठ वर्षं गप्प का बसलात, असं तिनं विचारलं. लोक बोलत होते आणि ती ऐकत होती.

“तू ऐकलंस, तसं आईनंबी ऐकलं,” आबा म्हणाले.

रजा मिळून ते गावी आले तेव्हा चंपाबाई दारातच उभी होती. हातात पत्रं, कानात सांडूचं बोलणं. कुठं होतास, एवढंच तिनं विचारलं. बाहेर काही बोलायचं नाही अशी ताकीद होती. ते म्हणाले, पलटणीत. तिनं ताट वाढलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. दोन वर्षांनी ते बंगालकडं असताना ती वारली.

“पैल्यांदा तिला सांगायचं व्हतं,” आबा म्हणाले. “तिला नाय सांगितलं, ते मंग दुसऱ्याला कोन्त्या तोंडानं सांगू?”

रत्नमालाला खूप रडू आलं. तिनं बापाचा हात हातात घेतला. बापाला नावानं हाक मारण्याची तिची ही पहिलीच वेळ होती.

“पुंडलिका,” ती म्हणाली, “कुठं व्हतास रे इतके दिस?”

आबा पाठ ताठ करून बसले.

“लई लांब व्हतो, आई,” ते म्हणाले. “पन पळालो नाय.”