दुसरी शिंक

माझ्या दोन सोयरिकी माझ्या नाकानं मोडल्या. रंगरूप, शिक्षण, कमाई यांवर कुणी बोट ठेवलं नाही. (ठेवायला जागा भरपूर होती!) दोन्ही वेळा बोलणी पक्की होताना मी शिंकलो, आणि ऐन वेळेची एकटी शिंक म्हणजे अपशकुन! पाहुणे अर्धा चहा टाकून उठले. इतरांच्या कामात माशी शिंकते. आमच्या घरी त्या कामासाठी मी होतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सिंदीला रेल्वे स्टेशनाजवळ आमचं सरकी-ढेपेचं दुकान. दुकानात बोऱ्यांच्या, म्हणजे पोत्यांच्या, थप्प्या, थप्प्यांत उंदीर, आणि उंदरांसाठी मांजर. तिचं नाव सेठाणी, कारण ती दिवसभर बाबूजींच्या गादीवर बसे आणि गिऱ्हाइकाकडे ढुंकूनही पाहत नसे. (उंदरांकडेही नाही.) वर्ध्याच्या डॉक्टरांनी माझं नाक तपासलं आणि म्हणाले, "मांजराची ॲलर्जी आहे. मांजर घालवा." घरी येऊन हे सांगितलं, तर बाबूजी माझ्याकडेच बघत राहिले.

"मांजरानं शिंक येते? अबे, माह्या बापाच्या दुकानातबी मांजर होती. तो कधी शिंकला नाई!"

"पण बाबूजी, डॉक्टर म्हणते..."

"डॉक्टर म्हणते! मंग बोरे कोन राखन? डॉक्टर?"

"अन ती गाभण हाये," आईनं भर घातली. "गाभण जीवाले घराबाहेर काढत नसतेत. तूच सपरीत झोपत जाय."

त्या रात्रीपासून माझ्या पलंगावर सेठाणी आणि पुढच्या सपरीत, उघड्या ओसरीवर, मी.

तिसरं स्थळ आर्वीचं आलं. मुलीला पाहिलं आणि मी गारच झालो. हसताना ती तोंडावर पदर घ्यायची, तरी हसू डोळ्यांतून सांडायचं. ही हातची गेली, तर उरलेला जन्म मी आणि सेठाणी! त्यामुळे सुपारी फोडायला पुन्हा आर्वीला जायच्या दिवशी मी डॉक्टरांनी शिंकांवर दिलेली गोळी घेतली. भरवसा वाटेना म्हणून आणखी एक घेतली. (गोळीनं झोप येते हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी तेव्हा शिंकत होतो.) एस.टी.त चुरगळू नये म्हणून आईनं माझा नवा कोट पिशवीत घेतला होता. मुलीच्या दारात तो काढून तिनं माझ्या अंगात चढवला आणि आम्ही बैठकीत जाऊन बसलो.

मुलीचे मामा मोठे चौकस.

"मुलाले काई आजार-बिजार?"

"नाई जी!" बाबूजी गरजले. "दगड हाये दगड!"

मामा खूश झाले. त्यांनी अडकित्त्यात सुपारी धरली. सुपारी फुटली की सोयरीक पक्की. "मंग, साक्षगंधाचं..."

"आऽऽक् छी!"

अडकित्ता उघडाच राहिला. मामांचं तोंडही. मला तर विश्वासच बसेना. दोन गोळ्या पोटात असताना शिंक आली कुठून? मी बाहीकडे पाहिलं. काळ्या बाहीवर सेठाणीचे पिवळे केस!

"आई!" मी कुजबुजलो. "कोटावर मांजर झोपली होती?"

"मंग? गाभण जीवाले उठवू कशी?"

मामांनी सुपारी हळूच तबकात ठेवली. "एकटी शिंक हाये जी. हे काई बरं नाई."

तेवढ्यात बाबूजी ताडकन उभे राहिले.

"थांबा जी! आमच्या पोराची शिंक कधी एकटी येत नाई! दुसरी येऊनच राह्यली!"

दोन शिंका झाल्या की अपशकुन फिटतो, हे आमच्याकडे थोरामोठ्यांना मान्य. सगळे माझ्या नाकाकडे बघू लागले. ज्या नाकानं वर्षभर मला झोपू दिलं नाही, ते आता चिडीचूप!

"दे बे!" बाबूजी ओरडले.

"येत नाई."

"काऊन येत नाई? घे, हुंग!" माझीच बाही धरून त्यांनी ती माझ्या नाकात कोंबली. "मांजराचे केस हायेत!"

"मांजराचे?" मामा चमकले.

"अलर्जी हाये जी याले! कडक अलर्जी! वर्ध्याचा डॉक्टर म्हणते!"

जन्मदाता बाप माझ्या आजाराची भर बैठकीत जाहिरात करत होता. इतक्यात माझं तोंड आपोआप उघडू लागलं. "आली, आली!" आई म्हणाली. मामा पुढे सरकले. मी श्वास ओढला, डोळे मिटले, आणि आली ती जांभई. ती संपता संपेना.

"मुलाले त झोप येऊन राह्यली," मामा थंडपणे म्हणाले आणि टोपी शोधू लागले.

संपलं सगळं, असं मला वाटलं. लाजेनं मान वर करवेना. बाहेरच्या गोंधळाचा पत्ता नसलेली मुलगी तेवढ्यात चहा घेऊन आली. माझ्यासमोर वाकली. माझ्या कोटाजवळ.

"आऽऽक् छी!"

कप माझ्या मांडीवर आणि चहा कोटावर! मुलीची आई दारातून पुटपुटली, "हिलेबी लहानपणापासून मांजर सोसत नाई जी. आमी सांगनारच होतो..."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं, आणि अडकित्ता उचलला.

"दोन झाल्या का नाई?"

"झाल्या जी!" बाबूजी ओरडले. कचकन सुपारी फुटली. मुलगी पदराआड हसत होती आणि भाजलेल्या मांडीनिशी मी जगातला सर्वांत सुखी माणूस होतो.

लग्न लागेस्तोवर सेठाणी माझ्या पलंगावर व्याली. नव्या सुनेनं धीर करून सासऱ्यांना म्हटलं, "बाबूजी, मांजर कोनाले देऊन टाकाची का?"

"देऊन टाकाची?" बाबूजी थक्क झाले. "काऊन? तिनंच त तुमची सोयरीक जमवली!"

त्यामुळे पलंगावर सेठाणी पिल्लांसह राहिली आणि सपरीत मी राहिलो. फरक एवढाच, की आता मी सहकुटुंब शिंकत होतो.