टेम्पोतलं टेबल

बाळंतपणाचं टेबल दोन हमाल पायऱ्यांवरून खाली आणत होते आणि माझी सून त्याच पायऱ्यांवर बसली होती. तिचं पाणी गेलं होतं. रिक्षावाला आम्हाला सोडून निघून गेला होता. एक हमाल म्हणाला, "बाई, जरा सरका, टेबलाचा पाय अडकतोय." तिला सरकता येईना. मग त्यांनी टेबल तिच्या डोक्यावरून उचलून नेलं आणि टेम्पोत चढवलं.

आरोग्य केंद्राचा बाबू टेम्पोशी उभा होता. मी विचारलं, "कुठे नेताय हे?"

"पुढच्या केंद्रावर. आज तिकडे समिती येतेय."

"हिला कळा आल्यात. दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसतंय आजी. पण आमदार पोचायच्या आत टेबल लागलं पाहिजे. नाहीतर माझी नोकरी गेली समजा."

आतून सिस्टर धावत आली. मी म्हटलं, रुग्णवाहिका बोलाव. ती म्हणाली, "मावशी, तीपण तिकडेच नेऊन उभी केलीय. दाखवायला."

हे टेबल आम्ही आधी पाहिलं होतं. कल्याणच्या पुढे, एका बंद कारखान्याच्या मागे आमची चाळ आहे. मुलगा डोंबिवलीला पाळीवर जातो. केंद्र चाळीच्या जवळच. तिथे बाळंतपणाची खोली बांधून कैक वर्षं झाली, पण तिला कायम कुलूप. सगळ्या बाया कल्याणलाच जायच्या. मग एकदा खोली उघडली. भिंतींना रंग लागला, हिरवे पडदे आले, हे टेबल आलं, बाळाला ऊब द्यायचं मशीन आलं. आमदारांची समिती बघायला येणार होती, दिलेल्या पैशाचं काय केलं ते. पोटुशा बायांना मुद्दाम त्याच दिवशी तपासायला बोलावलं. मी सुनेबरोबर बाकावर बसले होते.

आरोग्य खात्याचे मोठे साहेब समितीला सांगत होते, "निधी पूर्ण खर्च झालाय. खोली चालू आहे." समितीत एक आमदारबाई होत्या. त्यांनी सुनेला विचारलं, "कितवा गं?"

"नववा."

"मग इथेच होणार ना?"

सुनेने तोंड उघडायच्या आत साहेब बोलले, "हो ताई, इथेच." बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग सगळे चहाला गेले. वेफर आणि काजू होते. बाकावरच्या बायांना कोणी पाणीही विचारलं नाही.

मी चौथी शिकलेय. आमच्या शाळेत साहेब तपासणीला यायचे तेव्हा मास्तर हुशार पोरं पुढे बसवायचे आणि एरवी कपाटात असलेले तक्ते भिंतीला लावायचे. तसलं काही असेल म्हणून मी टेबल हाताने चाचपून पाहिलं होतं. चांगलं जड होतं, नवं होतं. ते लग्नातल्या मोठ्या भांड्यांसारखं एका दारातून दुसऱ्या दारात फिरतं, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी सुनेला वेळेत कल्याणला नेऊन ठेवलं असतं.

पायऱ्यांवर सून ओरडायला लागली. सिस्टर बाबूला म्हणाली, "अरे, टेबल काढलंस ना, आता हिलाच वर घे. आणि आधी कल्याण."

"आधी टेबल उतरवू, मग कल्याण."

"ही काय वाटेत थांबणार आहे का तुझ्यासाठी?"

"साहेबांना विचारतो." त्याने फोन लावला. साहेबांचा फोन लागेना. तोवर हमालांनी सुनेला उचलून टेम्पोत घेतलं. त्या पोरांनी कुणाला विचारलं नाही. टेबल दोरीने बांधलेलं होतं. त्यावरच तिला निजवलं. बाबू फोन कानाला लावून खाली उभा, टेम्पो जागेवर, आणि सून बाळंत झाली. मुलगा. रडला नाही.

ऊब द्यायचं मशीन शेजारीच होतं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. मी म्हटलं, "हे आत नेऊन लाव ना."

सिस्टर म्हणाली, "कशाला लावू मावशी? खोलीत वीज कुठाय? त्या दिवशी दुकानातून वायर ओढली होती." आणि ती बाळाच्या तोंडात फुंकत राहिली. मी लुगड्याने त्याचे पाय चोळत राहिले.

मग टेम्पो हलला. शहाडच्या पुलावर गाड्या अडकलेल्या. कल्याणच्या डॉक्टरने बाळाला हातात घेतलं आणि लगेच खाली ठेवलं. बाबूने दवाखान्याच्या नळावरून बादली आणून टेबल धुतलं आणि तो गेला. समितीलाच यायला उशीर झाला, टेबल वेळेत पोचलं. हे नंतर सिस्टरनेच सांगितलं.

मी आमदारबाईंकडे गेले, ठाण्याला. त्यांनी खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आजी, मी विभागाला विचारते."

"त्यांना कशाला? मी सांगतेय ना. मी तिथे होते."

"पद्धत तशी आहे. आम्ही विचारायचं, त्यांनी लेखी कळवायचं."

पुन्हा गेले तेव्हा उत्तर आलं होतं. त्यांनी वाचून दाखवलं. प्रसूतिगृहाचा मंजूर निधी पूर्ण खर्च झाला आहे. सदर दिवशी केंद्राच्या टेबलावर प्रशिक्षित परिचारिकेच्या उपस्थितीत प्रसूती पार पडली.

मी म्हटलं, "पुढे वाचा."

"एवढंच आहे."

"आणि बाळ?"

"बाळाची नोंद कल्याणच्या दवाखान्यात आहे. तो यांच्या अखत्यारीत येत नाही."

"मग हे खोटं लिहिलंय."

"खोटं असतं तर मी धरलं असतं, आजी. यात खोटं काय आहे सांगा."

मी बोटांवर मोजून पाहिलं. टेबल केंद्राचंच होतं, सिस्टर होती, बाळंतपण झालं होतं. टेम्पोचं कोणी विचारलं नव्हतं, म्हणून टेम्पोचं कोणी लिहिलं नव्हतं. माझ्या नातवाचा जन्म त्यांनी आपल्या कामात धरला आणि मरण कल्याणला ठेवून दिलं. चहा आला होता, तो मी घेतला नाही. बाईंनी दारापर्यंत सोडलं.

खोलीला परत कुलूप आहे. पडदे तेवढे खिडकीत राहिलेत, उन्हाने पांढरे पडलेत. चाळीतल्या बाया आता दिवस भरायच्या आधीच कल्याणला नातेवाइकाकडे जाऊन राहतात. सून केंद्राच्या रस्त्याने जात नाही, लांबून फिरून जाते.

टेम्पोत मागे आम्ही चौघं होतो. सिस्टर, सून, मी आणि बाळ. आम्ही तिघी जगलो.