गोजरबाईंचं मैदान

हार्ट अटॅकनंतर गोजरबाईंच्या छातीत दोन स्प्रिंगा बसवल्या तेव्हा त्यांना त्रेपन्नावं चालू होतं. चिकलठाण्यातल्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये बावीस वर्षं पोळ्या लाटलेली ही बाई. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "रोज चाळीस मिनिटं चाला. पालेभाज्या खा. तळलेलं बंद."

"चालू कुठं, त्ये बी लिहून द्या," गोजरबाई म्हणाल्या. डॉक्टर हसले. त्या हसल्या नाहीत.

मुकुंदवाडीतली त्यांची गल्ली दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या की भरून जायची. तिसऱ्याच दिवशी एका गाडीचा आरसा कोपराला लागून त्या पडल्या. बाग होती ती सिडकोत, तिथं जायचं तर रिक्षा. भाजीची तीच तऱ्हा. नाक्यापर्यंत भजी-समोशाच्या चार गाड्या, किराणा दुकानांच्या दारात चिप्सच्या माळा, आणि मेथीची जुडी आलीच तर संध्याकाळी, मान टाकलेली. याच गल्लीत त्यांचे मालक, अप्पाराव, एक्कावन्नाव्या वर्षी छाती धरून खाली बसले ते उठलेच नाहीत. त्यांच्यानंतर आणखी चार माणसं तशीच गेली. लोक म्हणायचे, नशीब. गोजरबाईंना तो शब्द आता सहन होईना.

गल्लीच्या टोकाला पत्रे ठोकलेली एक मोकळी जागा होती. सून मेघा वॉर्ड ऑफिसात जाऊन नकाशा बघून आली. "आत्याबाई, ती जागा बागेसाठी राखीव आहे. माझं लग्न व्हायच्या आधीपासून."

तिथं शिवराज नावाच्या माणसाचे टेम्पो उभे असायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गोजरबाई मेघाला आणि शेजारच्या तिघींना घेऊन आत शिरल्या आणि टेम्पोंभोवती फेऱ्या मारू लागल्या. पंधरा दिवसांत बायका अडतीस झाल्या.

शिवराज आला. "मावशी, इथून गाड्या निघतात. कुणाला लागलं तर?"

"नाय चाललं तर मरतोच की आम्ही. तुझ्या टेम्पोला काय भ्यायचं?"

त्यानं फाटकाला कुलूप घातलं. मग बायका फाटकासमोरच, या खांबापासून त्या खांबापर्यंत चालू लागल्या. टेम्पो आत अडकले. हॉर्न वाजत राहिले, बायका चालत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी शिवराजनं गोजरबाईंना बाजूला घेतलं. "तुमचं दुखणं मला समजतं. एक किल्ली तुम्हाला देतो. तुम्ही खुशाल चाला. बाकीच्यांना तेवढं आवरा."

गोजरबाईंचा ऊर धपापत होता. मेघानं हात धरला, तो त्यांनी सोडवला.

"लई मेहरबानी. पण माझ्या एकटीचं काळीज जपून काय करू? समद्यांना उघड, नायतर किल्ली तुझी तुझ्यापाशी ठेव."

पाचव्या दिवशी पुंजाराम या ड्रायव्हरनं मालकाला न विचारता आपला टेम्पो आतल्या आत मागच्या भिंतीला नेऊन लावला. अप्पारावांनंतर छाती धरून गेलेल्या त्या चार माणसांत त्याचा थोरला भाऊ होता. त्याचं बघून बाकीच्यांनीही लावले. शिवराज बराच वेळ ओरडला, मग कुलूप खिशात घालून निघून गेला. पुढची अर्धी जागा बायकांची झाली.

भाजीचंही गोजरबाईंनीच जमवलं. लासूर स्टेशनहून सकाळच्या गाडीनं कडूबाई मेथी, चुका, तांदुळजा घेऊन पुढच्या बाजाराला जायची. गोजरबाईंनी तिला मुकुंदवाडीच्या फलाटावर गाठलं. "इथंच उतर. अडतीस घरं तुझी." कडूबाई आता फाटकापाशी बसते. दहाच्या आत टोपली रिकामी.

बाग अजून झालेली नाही. झाड नाही, बाक नाही, मागं टेम्पो आहेतच. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयाचं पंपिंग सुधारलंय. गोजरबाईंनी मान हलवली आणि सोबत आणलेल्या दोघी शेजारणींना पुढं केलं, "आता हिचं बघा, मग हिचं."

परवा कुणकुण आली, त्या जागेवर दुकानांचे गाळे निघणार म्हणून. मेघा घाबरून सांगायला आली. गोजरबाई बुटांच्या नाड्या बांधत होत्या.

"काढू दे गाळे," त्या म्हणाल्या. "आपण गाळ्यांतून चालू. चल, उशीर होतोय."